साइट उघडत नाही? राउटर रिसेट करण्याआधी एवढं तपासा

गेल्या नोव्हेंबरमधली गोष्ट. सकाळी साडेआठला आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीतल्या खालच्या मजल्यावरच्या काकू लॅपटॉप छातीशी धरून दारात. "अगं, बँकेची साइट उघडतच नाहीये. दोन दिवस झाले. नेटवाला मुलगा येऊन डबा बदलून गेला, पैसेही घेतले, तरी तेच." काकांचा हयातीचा दाखला भरायचा होता, म्हणून जिवाला घोर.

मी एकच प्रश्न विचारला, "फोनवर उघडते का?" फोनवर, त्याच वायफायवर, व्यवस्थित उघडत होती. म्हणजे राउटर ठीक, लाईन ठीक, बँकही ठीक. दोष लॅपटॉपमध्येच. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २०१९. लॅपटॉप महिनोन्‌महिने कपाटात असतो, आतली नाण्याएवढी बॅटरी संपलेली, त्यामुळे घड्याळ मागे गेलेलं. तारीख बरोबर केली आणि पान उघडलं. नवा राउटर फुकट गेला.

मी बारा वर्षं नेटवर्क सपोर्टमध्ये काम करते आणि हे सतत बघते. साइट उघडली नाही की लोक थेट उपायाकडे धावतात. राउटर बंद-चालू करतात, डीएनएस (नावावरून साइटचा पत्ता सांगणारी सेवा) बदलतात, ब्राउझर काढून परत टाकतात. एखादा उपाय चुकून लागू पडतो, पण काय बिघडलं होतं ते कळत नाही, म्हणून पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. तुमच्या बोटापासून त्या साइटपर्यंत रस्ता आहे: ब्राउझर, लॅपटॉप, वायफाय, राउटर, फायबर, प्रोव्हायडर, आणि शेवटी साइटचा सर्व्हर. आधी शोधायचं ते एवढंच, की या रस्त्यावर कुठपर्यंत पोचतंय.

पहिली पाच मिनिटं

काहीही बदलू नका. नुसत्या तीन अदलाबदली करा.

पहिली: त्याच लॅपटॉपवर दुसरी साइट उघडा. इथे बहुतेक जण फसतात, कारण ते यूट्यूब लावून बघतात आणि म्हणतात, "नेट तर चालू आहे." यूट्यूबचे लोकप्रिय व्हिडिओ पुष्कळदा तुमच्या प्रोव्हायडरच्याच जागेत ठेवलेल्या गूगलच्या सर्व्हरवरून येतात. प्रोव्हायडरचा बाहेरच्या जगाशी असलेला दुवा आजारी असला तरी यूट्यूब छान चालू शकतं. म्हणून तपासायला यूट्यूब नको, गूगलचं मुख्य पान नको. एखाद्या मराठी वर्तमानपत्राची साइट, एखाद्या विद्यापीठाची साइट, एखादी परदेशी साइट, अशा तीन वेगळ्या जातीच्या उघडून बघा. आणि आज आधी उघडलेलं पान घेऊ नका, कारण ते ब्राउझरच्या साठवणीतूनही येऊ शकतं.

दुसरी: तीच साइट त्याच वायफायवर दुसऱ्या उपकरणावर उघडा. फोन वापरत असाल तर त्याचा मोबाइल डेटा आधी बंद करा. वायफायला नेट नसलं की बरेच फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात, आणि तुम्हाला वाटतं वायफायवर उघडली.

तिसरी: तीच साइट त्याच लॅपटॉपवर, पण फोनच्या हॉटस्पॉटवर उघडा.

आता निकाल वाचा. एकाच उपकरणावर अडते, बाकी सगळीकडे उघडते: दोष त्या उपकरणात. घरच्या वायफायवर सगळ्यांनाच अडते, हॉटस्पॉटवर उघडते: दोष राउटर ते प्रोव्हायडर या टप्प्यात. हॉटस्पॉटवरही नाही, शेजाऱ्यांकडेही नाही: साइटच बंद आहे, स्वस्थ बसा. सगळ्याच उपकरणांवर सगळ्याच साइट अडतात: मग प्रश्न साइटचा नाहीच, लाईनचा आहे.

४ ऑक्टोबर २०२१ ला रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम सगळ्या जगात एकदम बंद पडले आणि जवळजवळ सहा तास बंद राहिले. फेसबुकच्या नेटवर्ककडे जाणारे रस्तेच इंटरनेटच्या नकाशावरून पुसले गेले होते, त्यामुळे त्यांचे पत्ते सांगणारे सर्व्हरही कुणाला सापडेनात. त्या रात्री आमच्या इमारतीत किमान चार घरांनी राउटर रिसेट केला. त्यातल्या दोघांचं नेट दुसऱ्या दिवशीही बंद होतं, कारण रिसेटमुळे राउटरमधलं लॉगिनच पुसलं गेलं होतं.

म्हणून कळकळीने सांगते: राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालू नका. बंद-चालू करणं वेगळं आणि रिसेट वेगळं. रिसेटने वायफायचं नाव, पासवर्ड आणि प्रोव्हायडरने भरून दिलेलं युजरनेम सगळं जातं. ते तुमच्याकडे लिहिलेलं नसेल तर माणूस येईपर्यंत घर बिननेटाचं.

पडद्यावर काय लिहून आलंय ते वाचा

"एरर आला" एवढंच सांगितलं तर मला काहीच कळत नाही. फोटो काढून ठेवा. त्या इंग्रजी ओळीत निम्मं उत्तर असतं.

ओळीत डीएनएस हा शब्द असेल, किंवा "नेम नॉट रिझॉल्व्ह्ड" असं काही, तर साइटचा पत्ताच सापडलेला नाही. संगणकाला साइटचं नाव कळत नाही, त्याला आकड्यांतला पत्ता लागतो आणि तो डीएनएस सर्व्हर सांगतो. आधी नावाचं स्पेलिंग बघा. कुणीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या लिंकमध्ये एखादं अक्षर इकडचं तिकडे झालेलं असतं.

"टाइम्ड आउट" म्हणजे पत्ता सापडला, हाकही मारली, पण कुणी ओ दिली नाही. "रिफ्यूज्ड" म्हणजे दारापर्यंत पोचलो, पण आत घेतलं नाही. बहुतेक वेळा तिथली सेवाच बंद असते.

आकडा आला तर बरंच. ४०४, ५०२, ५०३ असे आकडे आले म्हणजे तुमचं नेट पूर्ण ठीक आहे, कारण समोरच्या बाजूने उत्तर आलंय. ४०४ म्हणजे ते पान तिथे नाही. ५०२, ५०३ म्हणजे त्यांच्याकडे गर्दी किंवा बिघाड. शेवटच्या तारखेला फॉर्म भरायला बसलं की हेच दिसतं, त्यावर घरी काहीही करता येत नाही. पहाटे पाचला प्रयत्न करा.

४०३ मात्र लक्षपूर्वक बघा. त्याचा अर्थ "तुला परवानगी नाही". हाच प्रकार हॉटस्पॉटवर होत नसेल तर कारण बहुधा असं: आपल्याकडचे अनेक प्रोव्हायडर कितीतरी घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. त्यातल्या एखाद्या घरातल्या व्हायरस लागलेल्या संगणकाने उपद्व्याप केला की समोरची साइट तो पत्ता अडवते आणि शिक्षा सगळ्यांना. सारखं सारखं "मी रोबो नाही" सिद्ध करायला लागत असेल तर तेही याचंच लक्षण. राउटरच्या पानावर (ते कुठे उघडतं ते पुढे डीएनएसच्या भागात आहे) वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यातल्या आकड्यांनी सुरू होत असेल तर तुमचा पत्ता सामाईक आहे. प्रोव्हायडरला बाहेरचा पत्ता बदलून द्यायला सांगा, किंवा जास्तीचे पैसे भरून स्वतंत्र पत्ता घ्या.

सर्टिफिकेटचा इशारा आला, लाल त्रिकोण, "कनेक्शन सुरक्षित नाही", तर सगळ्यात आधी तारीख-वेळ. काकूंचं हेच झालं होतं. साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते आणि ब्राउझर ती तुमच्या घड्याळाशी ताडून बघतो. तारीख बरोबर असूनही इशारा येत असेल आणि उपकरण फार जुनं असेल, तर कारण त्यातच असू शकतं. ३० सप्टेंबर २०२१ ला एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची (ज्याच्या भरवशावर इतर साइटची प्रमाणपत्रं खरी मानली जातात) मुदत संपली आणि ज्यांना वर्षानुवर्षं अपडेट मिळालं नव्हतं अशा अनेक फोन-संगणकांवर चांगल्या साइट उघडेनाशा झाल्या. बँकेच्या साइटवर असा इशारा आला तर "तरीही पुढे जा" दाबून पासवर्ड टाकू नका. यात तडजोड नको.

दोष एकाच लॅपटॉपमध्ये किंवा फोनमध्ये असेल तर

ब्राउझरची गुप्त खिडकी उघडा, इनकॉग्निटो म्हणतात ती. तिथे साइट उघडली तर दोष जुन्या कुकीत (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद) नाहीतर एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये (ब्राउझरला जोडलेलं जादा साधन). फक्त त्या साइटच्या कुकी पुसा, सगळा इतिहास पुसायची गरज नाही. जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन असेल तर ते बंद करून बघा. पैसे भरायच्या पानावर गाडी अडते तेव्हा पुष्कळदा तोच गुन्हेगार असतो.

मग व्हीपीएन, म्हणजे तुमचं नेट दुसऱ्याच सर्व्हरमधून फिरवून नेणारी सोय. पुण्यात घरोघरी कुणी ना कुणी आयटीत आहे आणि ऑफिसचं व्हीपीएन दिवसभर चालू असतं. ते परदेशातल्या सर्व्हरमधून जात असेल तर आपल्याकडच्या अनेक सरकारी साइट उघडतच नाहीत, कारण त्या भारताबाहेरचे पत्ते अडवतात. अमेरिकेतल्या मुलाला सातबाऱ्याचं पान उघडत नाही आणि इथे वडिलांना उघडतं, तेव्हा हीच शक्यता आधी धरा. उलटही होतं: व्हीपीएन तुटलेलं असतं, पण लॅपटॉप अजून त्याच्याच वाटेने जायला बघतो. पूर्ण बंद करा, लॅपटॉप रीस्टार्ट करा, पुन्हा बघा.

अँड्रॉइड फोनमध्ये, आवृत्ती ९ पासून पुढे, नेटवर्कच्या सेटिंगमध्ये "प्रायव्हेट डीएनएस" असतं. जाहिराती बंद व्हाव्यात म्हणून कुणीतरी सांगितलेलं नाव तिथे भरलेलं असतं आणि तो सर्व्हर बंद पडला की फोनवर काहीच उघडत नाही, रेंज मात्र भरभरून दिसते. ते "ऑटोमॅटिक"वर ठेवा.

पत्ता सापडत नसेल: डीएनएस

विंडोजमध्ये स्टार्ट दाबून सीएमडी टाईप करा, काळी खिडकी उघडेल. पुढच्या सगळ्या आज्ञा इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाकायच्या आहेत.

एनएसलुकअप (nslookup) हा सलग शब्द, मग जागा सोडून साइटचं नाव. उत्तरात साइटच्या नावाखाली आकडे आले तर पत्ता सापडतोय. नाही आले तर तीच आज्ञा पुन्हा द्या, पण शेवटी जागा सोडून १.१.१.१ जोडा. म्हणजे प्रोव्हायडरला न विचारता दुसऱ्याच सर्व्हरला पत्ता विचारला. आता आकडे आले तर तुमच्या प्रोव्हायडरच्या किंवा राउटरच्या डीएनएसमध्ये गडबड आहे. आताही नाही आले तर त्या नावाचीच नोंद बिघडलेली आहे.

१.१.१.१ हा क्लाउडफ्लेअरचा सर्व्हर, २०१८ पासूनचा. ८.८.८.८ गूगलचा, २००९ पासूनचा. दोन्ही फुकट. आधी एकट्या लॅपटॉपवर लावून बघा, गुण आला तर राउटरमध्ये भरा. राउटरचं पान बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ वर उघडतं. तिथे आत गेलातच तर अॅडमिनचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला. तो तसाच ठेवला की बाहेरचा कुणी राउटरमधला डीएनएस बदलून तुम्हाला बँकेच्या खोट्या पानावर नेऊ शकतो. नवा पासवर्ड राउटरच्या खाली कागदावर लिहून चिकटवा.

एखाद्या साइटने सर्व्हर बदलला तर लॅपटॉप काही काळ जुनाच पत्ता धरून बसतो. आयपीकॉन्फिग, जागा, तिरपी रेघ आणि लगेच फ्लशडीएनएस (ipconfig /flushdns), ही आज्ञा जुने पत्ते पुसते. याने काहीही बिघडत नाही.

घरातल्या सगळ्यांनाच अडतंय

डब्यावरचे दिवे बघा. फायबरच्या डब्यावर पॉन नावाचा दिवा स्थिर हिरवा हवा. एलओएस नावाचा दिवा लाल लागला किंवा लुकलुकायला लागला, तर प्रकाशच पोचत नाहीये: वायर तुटली किंवा दुमडली. आपल्याकडे पावसाळ्यात झाडाची फांदी पडते, रस्ता खोदताना जेसीबी लागतो, गणपतीच्या दिवसांत लोंबत्या केबली बाजूला करताना ताण येतो. घरातही बघा. सोफा भिंतीला सरकवताना ती पिवळी नाहीतर पांढरी बारीक वायर काटकोनात दबली की झालं. हळूच सरळ करा, ओढू नका, आणि तिचं टोक काढून डोळ्यासमोर धरून आत बघू नका, तो प्रकाश डोळ्याला दिसत नाही पण इजा करू शकतो.

दिवे ठीक असतील तर प्लॅन संपलाय का बघा. लोकल प्रोव्हायडरकडे मुदत संपली की ते त्यांच्या रिचार्जच्या पानावर वळवतात, पण हल्लीच्या सुरक्षित साइटवर ते पान दिसत नाही, नुसता एरर दिसतो. तासभर डोकं खपवून शेवटी "रिचार्ज राहिला होता" निघालेलं मी अनेकदा पाहिलंय.

मग राउटर बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू करा, पूर्ण उठायला तीन मिनिटं द्या. आणि शक्य असेल तर लॅन केबल थेट लॅपटॉपला लावा. केबलवर उघडतंय आणि वायफायवर नाही, तर गोष्ट वायफायची आहे. मोठ्या सोसायटीत वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर पन्नास घरांचे राउटर एकमेकांवर ओरडत असतात, जवळ बसून ५ गिगाहर्ट्झवर बघा. लॅपटॉपचा पत्ता (काळ्या खिडकीत नुसतं आयपीकॉन्फिग टाकलं की दिसतो) १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने त्याला पत्ता दिलेलाच नाही, तिथून पुढे काही शोधू नका, आधी वायफाय तोडून पुन्हा जोडा.

अर्धवट उघडणारी साइट

हा प्रकार सगळ्यात छळतो आणि याबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर. गेल्या पावसाळ्यात मी घरी नवा राउटर लावला. गूगल झकास, व्हिडिओ झकास. पण नवऱ्याच्या ऑफिसचं पोर्टल आणि मुलीच्या परीक्षेची साइट, दोन्हीकडे टॅबवर चक्र फिरत राहायचं आणि पान पांढरंच. डीएनएस ठीक, हॉटस्पॉटवर दोन्ही उघडत.

माहिती पाकिटांतून जाते आणि नेहमीच्या पाकिटाचं माप १५०० बाइट. माझा प्रोव्हायडर युजरनेम-पासवर्डने लाईन जोडतो, त्या पद्धतीचं नाव पीपीपीओई. ती पद्धत प्रत्येक पाकिटातले ८ बाइट स्वतःसाठी घेते, म्हणजे उरतात १४९२. राउटरमध्ये माप १५०० भरलेलं असलं तर मोठी पाकिटं वाटेत अडतात. "पाकीट मोठं आहे, लहान कर" असा निरोप समोरच्या सर्व्हरला जायला हवा, पण काही ठिकाणी सुरक्षेच्या नावाखाली तो निरोपच अडवलेला असतो. मग सर्व्हर मोठं पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि आपण चक्र बघत बसतो. गूगलच्या सेवा बहुधा क्रोमशी लहान पाकिटांतच बोलतात, म्हणून त्या निभावून जातात.

तपासायचं असं: काळ्या खिडकीत पिंग, जागा, १.१.१.१, जागा, आडवी रेघ आणि एफ, जागा, आडवी रेघ आणि एल, जागा, १४७२. एफ म्हणजे पाकीट फोडू नकोस. पाकीट फोडावं लागेल असा निरोप आला किंवा उत्तरच आलं नाही तर आकडा चार-चारने कमी करा. मी कुकर लावून ओट्यापाशीच उभी होते, वीजबिलाच्या पाठीवर लिहीत गेले: १४७२ नाही, १४६८ नाही, १४६४ गेला. त्यात २८ मिळवायचे, ते पाकिटाच्या वेष्टनाचे. १४९२. राउटरच्या वॅन सेटिंगमध्ये एमटीयूच्या, म्हणजे पाकिटाच्या मापाच्या, चौकटीत १५०० होतं, तिथे १४९२ भरलं, सेव्ह केलं. दुसरी शिट्टी व्हायच्या आत मुलीची साइट उघडली.

याच्या जवळचा दुसरा दोष आयपीव्ही६चा, म्हणजे नव्या पद्धतीच्या आकडी पत्त्यांचा. काही लाईनींवर हा नवा रस्ता अर्धवट चालू असतो आणि लॅपटॉप आधी तोच धरतो. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये त्याची खूण तात्पुरती काढून बघा. साइट झटकन उघडली तर प्रोव्हायडरला तसं सांगा आणि त्यांनी दुरुस्त केल्यावर खूण परत लावा.

सगळं ठीक, तरी एकच साइट नाही

काळ्या खिडकीत ट्रेसर्ट (tracert), जागा, साइटचं नाव. रस्त्यातले थांबे एकाखाली एक येतात. पहिला थांबा तुमचा राउटर, पुढचे प्रोव्हायडरचे. मधे एखाद्या ओळीत नुसत्या चांदण्या आल्या तर घाबरू नका, काही थांबे मुद्दाम उत्तर देत नाहीत. पण एका जागेपासून शेवटपर्यंत चांदण्याच असतील आणि हॉटस्पॉटवर तीच साइट उघडत असेल, तर शेवटचं उत्तर देणारा थांबा टिपून ठेवा.

काही साइट सरकारी आदेशाने बंद केलेल्या असतात, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली. तसा संदेश कधी दिसतो, कधी नुसतं कनेक्शन तुटतं. तो बिघाड नव्हे.

तक्रार कशी करायची

कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका. खोटे नंबर तिथे पेरलेले असतात आणि समोरचा "हे अॅप टाका, मी स्क्रीन बघतो" म्हणाला की खातं रिकामं होतं. नंबर बिलावरून घ्या. चुकून फसलातच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० ला, फोन करा.

"नेट चालत नाही" असं सांगितलं तर पलीकडून "राउटर बंद-चालू करा" एवढंच येईल. त्याऐवजी असं सांगा: "अमुक साइट आमच्या लाईनवर तीन उपकरणांवर उघडत नाही, हॉटस्पॉटवर उघडते, लॅन केबल लावून बघितलं, डीएनएस बदलून बघितला, ट्रेसर्ट तुमच्याच चौथ्या थांब्यावर थांबतो." फोटो व्हॉट्सअॅप करा आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. मुदतीत काम झालं नाही तर त्याच तक्रार क्रमांकाच्या आधारे प्रोव्हायडरच्या अपील अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. त्याने झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही पहिला प्रश्न तक्रार क्रमांकाचाच असतो, म्हणून तो आणि तारीख राउटरखालच्या त्याच कागदावर लिहून ठेवा.